पीडीबी लावलेला असूनही नोडच्या देखभालीत डेटाबेस का थांबतो: एका वारंवार येणाऱ्या अडचणीचा माग

क्युबरनेटीसवर, म्हणजे अनेक यंत्रांवर (नोडवर) कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर, चालणाऱ्या डेटाबेस क्लस्टरसाठी पॉड डिसरप्शन बजेट, म्हणजे पीडीबी, लिहिलेले असते: एका वेळी किती पॉड (कंटेनर चालवण्याचे एकक) मुद्दाम बाहेर काढता येतील याची ती मर्यादा. तीन पॉडपैकी किमान दोन चालू राहिले पाहिजेत असे त्यात स्पष्ट नमूद असते. प्लॅटफॉर्म सांभाळणारा चमूही नोड एकेक करूनच रिकामे करतो. इतके सगळे रीतसर होऊनही देखभालीच्या रात्री डेटाबेस मध्येच लिहिणे नाकारतो, काही मिनिटांनी आपोआप किंवा कोणीतरी हात घातल्यावर पूर्ववत होतो आणि पुढच्या देखभालीपर्यंत सर्वांना विसर पडतो. आमच्याकडे हे तीन वेळा झाले. पहिल्या दोन वेळी आम्ही नेटवर्कला दोष दिला. तिसऱ्या वेळी नोंदी वेळेत गोळा केल्या, तेव्हा दोष आमच्याच मांडणीत असल्याचे दिसले. ती मांडणी अनेक ठिकाणी जशीच्या तशी असते, म्हणून तपास कसा झाला ते येथे तपशिलाने देत आहे.

मांडणी अशी होती: पोस्टग्रेस या डेटाबेसचे तीन पॉड (लेखन घेणारा एक लीडर आणि त्याच्या दोन प्रती, म्हणजे रेप्लिका), त्यांवर लीडर ठरवणारे पॅट्रोनी, तिन्ही एकाच स्टेटफुलसेटमध्ये (क्रमांक व स्वतःची डिस्क असलेल्या पॉडच्या गटात), प्रत्येक पॉड वेगळ्या नोडवर, आणि डेटा त्या त्या नोडच्या स्थानिक डिस्कवर. देखभालीत नोडची ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवली जाई आणि त्यात स्थानिक डिस्क कोरी होई. हे आधीपासून ठाऊक होते व मान्यही होते, कारण रेप्लिका बॅकअपमधून पुन्हा उभी राहते, असा आमचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, पण अपुरा होता.

लक्षणे

तिन्ही वेळा तक्रारींचा क्रम सारखाच होता. आधी अहवाल पाहणाऱ्यांकडून कळे की आकडे जुने दिसत आहेत. त्यानंतर बऱ्याच वेळाने अनुप्रयोगाच्या लॉगमध्ये 'रीड-ओन्ली व्यवहारात इन्सर्ट चालवता येत नाही' या अर्थाच्या चुका येऊ लागत आणि मग लीडरशी जोडणीच होत नसे. पहिली तक्रार आम्ही दोन्ही वेळा बाजूला ठेवली, कारण ती वेगळ्या लोकांकडून, वेगळ्या मार्गाने आली होती आणि 'डेटाबेस बंद' या मोठ्या घटनेशी तिचा संबंध कोणी लावला नाही. प्रत्यक्षात पूर्ण उत्तर त्या पहिल्या तक्रारीतच होते.

आणखी एक खूण होती, तीही उशिरा लक्षात आली. प्रत्येक देखभालीत असे होत नसे. देखभाल आठवड्याच्या सुरुवातीला असली की सगळे सुरळीत पार पडे, आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी रात्री असली की डेटाबेस अडखळे. आमचा पूर्ण बॅकअप रविवारी होत असे.

तपास: नोंदी कोठे आणि कधी पाहाव्यात

क्युबरनेटीसच्या इव्हेंट नोंदी मूळ मांडणीत केवळ 1 तास टिकतात. रात्री घटना घडली आणि सकाळी कार्यालयात येऊन तपास सुरू केला, तर त्या नोंदी गेलेल्या असतात. आमचे पहिले दोन तपास याच कारणाने फसले. म्हणून देखभाल सुरू होण्यापूर्वीच डेटाबेसच्या नेमस्पेसच्या, म्हणजे क्लस्टरमधील त्याच्या कप्प्याच्या, इव्हेंट नोंदी एका फाइलीत वाहत राहतील अशी सोय करावी आणि त्याच फाइलीत दर काही सेकंदांनी पीडीबीची स्थिती व 'पॅट्रोनीसीटीएल लिस्ट' या सदस्यांची अवस्था दाखवणाऱ्या आदेशाचे उत्तर वेळेसह नोंदवावे. यासाठी वेगळ्या साधनाची गरज नाही, चार ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते.

तिसऱ्या वेळी त्या फाइलीत जे उतरले ते क्रमाने असे. पहिल्या नोडवर रेप्लिका होती. नोड रिकामा करण्याचा आदेश गेला, पॉड बाहेर काढला गेला, आणि त्याचा डेटा त्याच नोडच्या डिस्कशी बांधलेला असल्यामुळे तो पेंडिंग राहिला. पीडीबीने या काळात 'आणखी किती पॉड काढता येतील' या रकान्यात 0 दाखवले. हे योग्यच होते. नोड नवा होऊन परतला, पॉड त्यावर सुरू झाला, डिस्क रिकामी पाहून पॅट्रोनीने रविवारचा बॅकअप उतरवला, पोस्टग्रेस सुरू झाले, पॉड 'रेडी' झाला आणि रकान्यातला आकडा 0 वरून 1 झाला. प्लॅटफॉर्मचे स्वयंचलन याच क्षणाची वाट पाहत होते. त्याने लगेच दुसरा नोड घेतला. तेथेही हेच घडले. मग तिसरा नोड, ज्यावर लीडर होता.

याच वेळेच्या 'पॅट्रोनीसीटीएल लिस्ट'च्या ओळी पाहिल्यावर चित्र उलगडले. दोन्ही रेप्लिका चालू होत्या, पण त्यांच्यापुढील 'लॅग इन एमबी' या रकान्यात पाच आकडी संख्या होत्या. म्हणजे पोस्टग्रेस सुरू झाले होते, जोडण्या स्वीकारत होते, पण रविवारनंतरच्या चार दिवसांच्या वॉल फाइली, म्हणजे डेटातील प्रत्येक बदलाच्या नोंदी, आर्काइव्हमधून एकेक करून लावणे अजून चालूच होते. क्युबरनेटीसच्या दृष्टीने तीन पॉड निरोगी होते. डेटाच्या दृष्टीने एकच होता, आणि बजेटने परवानगी दिली ती नेमका तोच काढण्याची.

मूळ कारण

पीडीबी पॉड मोजते, आणि तेही एकाच कसोटीवर: पॉडची 'रेडी' ही स्थिती खरी आहे की नाही. रेडिनेस प्रोब, म्हणजे पॉड काम घेण्यास तयार आहे का याची ठराविक काळाने होणारी तपासणी, जे सांगेल तेच पीडीबीला खरे वाटते. आमचा प्रोब 'पीजी_इझरेडी' हा आदेश चालवत होता. तो आदेश फक्त एवढेच तपासतो की सर्व्हर जोडणी घेण्यास तयार आहे का. हॉट स्टँडबाय प्रकारची रेप्लिका बॅकअपच्या सुसंगत बिंदूपर्यंत पोहोचली की वाचनासाठी जोडण्या घेऊ लागते, मग तो बिंदू चार दिवसांपूर्वीचा का असेना. सोमवारी देखभाल असली की हा मागे राहिलेला भाग एका दिवसाचा असे व तो पुढच्या नोडची पाळी येईपर्यंत भरून निघे. शुक्रवारी तो भरून निघत नसे. पॅट्रोनीचा 'रेडिनेस' हा पत्ता वापरला असता तरी मूळ वर्तनात फरक पडला नसता, कारण जुन्या आवृत्त्यांत पोस्टग्रेस चालू आहे एवढ्यावर तोही होकार देत असे.

जुने आकडे दिसण्याचे कारणही हेच. रेडी झालेला पॉड वाचनाच्या सर्व्हिसमध्ये (विनंत्या रेडी पॉडकडे पाठवणाऱ्या सामाईक पत्त्यात) दाखल झाला आणि अहवालांना रविवारचा डेटा देऊ लागला. त्या रात्री कोणी लीडरला हात लावला नसता, तरी हा दोष तेथे होताच.

लीडर काढल्यावर पुढे जे झाले ते पॅट्रोनीने जाणूनबुजून केले, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. नवा लीडर निवडताना पॅट्रोनी 'मॅक्सिमम लॅग ऑन फेलओव्हर' ही मर्यादा पाळते. तिचे मूळ मूल्य 1048576 बाइट, म्हणजे 1 एमबी. याहून जास्त मागे असलेली रेप्लिका स्वतःच उमेदवारी नाकारते आणि लॉगमध्ये आपले वॉल-स्थान कमाल मर्यादेपलीकडे असल्याचे लिहिते. दोन्ही रेप्लिकांच्या लॉगमध्ये ही ओळ पुन्हा पुन्हा आली होती. क्लस्टरला लीडर नव्हता, कारण पात्र उमेदवार नव्हता. मर्यादा वाढवून हा प्रश्न 'सोडवावा' असे आमच्यापैकी एकाने सुचवले होते. तसे केले असते तर चार दिवसांचे व्यवहार नसलेली रेप्लिका लीडर झाली असती आणि खंडाऐवजी डेटाहानी पदरी आली असती. ही मर्यादा देखभालीच्या सोयीसाठी कधीही सैल करू नये.

याला जोड मिळाली दुसऱ्या एका दोषाची. लीडरच्या कंटेनरचा निर्गमन-संकेत 137 होता. 128 अधिक 9, म्हणजे प्रक्रिया सिगकिल या सक्तीच्या संकेताने मारली गेली. व्यवस्थित थांबली असती तर हा आकडा दिसला नसता. पॉडला थांबण्यासाठी दिलेला अवधी, म्हणजे 'टर्मिनेशन ग्रेस पिरियड', आम्ही कधी बदललाच नव्हता, आणि त्याचे मूळ मूल्य 30 सेकंद असते. मोठ्या शेअर्ड बफरचा शेवटचा चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतील बदल डिस्कवर उतरवणे, आणि उरलेल्या वॉल फाइलींचे आर्काइव्हिंग त्या 30 सेकंदांत बसले नाही. परिणामी शेवटच्या काही मिनिटांचे व्यवहार आर्काइव्हमध्येही नव्हते आणि रेप्लिकांकडेही नव्हते. ते फक्त त्या नोडच्या डिस्कवर होते, जी पुसली जाणार होती. लीडर नसल्याची सूचना वेळेत वाजली, प्लॅटफॉर्म चमूने काम थांबवले, नोड पुन्हा खुला केला, पॉड त्याच डिस्कवर परतला आणि क्रॅश रिकव्हरी होऊन पुन्हा लीडर झाला. नोड पुसण्याचे काम रांगेत पुढचेच होते.

तात्पुरता उपाय: लीडरला विचारल्याशिवाय पुढचा नोड नाही

कायमचे बदल होईपर्यंत एक हाताने करायची तपासणी पुरेशी आहे. पुढचा नोड घेण्याआधी लीडरवर 'पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन' ही व्ह्यू पाहावी. तीन पॉडच्या क्लस्टरमध्ये तेथे दोन ओळी हव्यात, दोन्हींची अवस्था 'स्ट्रीमिंग' हवी, आणि पाठवलेले व लावलेले वॉल-स्थान यांतील अंतर नगण्य हवे. आर्काइव्हमधून वॉल लावत असलेली रेप्लिका या व्ह्यूमध्ये मुळात दिसतच नाही, कारण ती लीडरशी जोडलेलीच नसते. म्हणून केवळ अंतर तपासणारी स्क्रिप्ट येथे फसते: ओळच नसेल तर 'जास्त अंतर असलेली ओळ' सापडत नाही आणि स्क्रिप्ट सर्व ठीक असल्याचे सांगते. आधी ओळी मोजाव्यात, मग अंतर पाहावे.

रेप्लिकांचे नोड आधी आणि लीडरचा सर्वांत शेवटी घ्यावा. त्यालाही ड्रेनच्या, म्हणजे नोड रिकामा करण्याच्या आदेशाच्या, भरवशावर न सोडता, आधी 'पॅट्रोनीसीटीएल स्विचओव्हर' देऊन लीडरपद हलवावे व मग तो नोड रिकामा करावा. स्विचओव्हरपूर्वी हाताने एक चेकपॉइंट दिल्यास थांबण्याचा वेळ बराच कमी होतो. अन्यथा एका देखभालीत लीडर दोन-तीनदा उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला अनुप्रयोगाच्या जोडण्या तुटतात.

कायमचा उपाय: 'रेडी'चा अर्थ बदलणे

रेडिनेस प्रोबने डेटा ताजा आहे का हे तपासले पाहिजे. पॅट्रोनीच्या रेस्ट पत्त्यांत 'रेप्लिका' या पत्त्याला 'लॅग' हे परिमाण देता येते, आणि दिलेल्या मर्यादेपेक्षा रेप्लिका मागे असेल तर तो 200 (होकार) ऐवजी 503 (नकार) देतो. अडचण एवढीच की लीडरला हा पत्ता विचारला तर तोही 503 देतो, कारण तो रेप्लिका नाही. म्हणून प्रोबमध्ये थेट पत्ता न देता छोटी स्क्रिप्ट ठेवावी: आधी 'प्रायमरी', म्हणजे लीडर, हा पत्ता विचारावा, होकार आला तर तेथेच थांबावे, नाही आला तर मर्यादेसह 'रेप्लिका' विचारावा. आम्ही मर्यादा 64 एमबी ठेवली. ती फेलओव्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे हे खरे, पण प्रोबची मर्यादा 1 एमबी ठेवली तर मोठ्या बॅच कामाच्या वेळी दोन्ही रेप्लिका एकदम 'नॉट रेडी' होतात आणि वाचनाची सर्व्हिस रिकामी पडते. येथे प्रश्न असतो 'दिवसांनी मागे की सेकंदांनी मागे' हे ओळखण्याचा, आणि त्यासाठी 64 एमबी पुरेसे बारीक आहे. आपल्या लेखनाच्या वेगावरून प्रत्येकाने आपला आकडा ठरवावा.

हा बदल करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. तिन्हींत आम्ही घसरलो.

पहिले ठिकाण लाइव्हनेस प्रोब, म्हणजे नकार आला तर कंटेनर पुन्हा सुरू करायला लावणारी तपासणी. हीच स्क्रिप्ट लाइव्हनेसलाही लावण्याचा मोह होतो. तसे केल्यास मागे असलेली रेप्लिका क्युबलेट (नोडवर पॉड चालवणारा घटक) मारून टाकतो, ती पुन्हा सुरू होते, पुन्हा मागेच असते, पुन्हा मारली जाते, आणि कधीच लीडरला गाठत नाही. लाइव्हनेसने केवळ पॅट्रोनी जिवंत आहे का एवढेच विचारावे.

दुसरे ठिकाण स्टेटफुलसेटची क्रमवार पद्धत. 'पॉड मॅनेजमेंट पॉलिसी' मूळ मांडणीत 'ऑर्डर्ड-रेडी' असते, आणि तीत आधीच्या क्रमांकाचा पॉड रेडी झाल्याशिवाय पुढचा तयार होत नाही. पूर्वी हे जाणवत नव्हते, कारण पॉड लगेच रेडी होत असे. आता शून्य क्रमांकाचा पॉड दोन तास वॉल लावत बसला आणि त्याच काळात दुसरा एखादा पॉड हटवला गेला, तर तो परत तयारच होत नाही. यासाठी पद्धत 'पॅरलल' असावी. हे क्षेत्र अस्तित्वात असलेल्या स्टेटफुलसेटमध्ये बदलता येत नाही. स्टेटफुलसेट 'कॅस्केड' पर्यायाला 'ऑर्फन' मूल्य देऊन हटवावा लागतो, म्हणजे पॉड चालू राहतात, आणि मग नव्या व्याख्येने पुन्हा तयार करावा लागतो. शांत वेळी करण्याचे काम आहे, पण अवघड नाही.

तिसरे ठिकाण हेडलेस सर्व्हिस, म्हणजे प्रत्येक पॉडला नावाने पत्ता देणारी सर्व्हिस. पॉड एकमेकांना नावाने शोधत असतील, तर रेडी नसलेल्या पॉडचे पत्तेही प्रसिद्ध होतील अशी सोय, म्हणजे 'पब्लिश नॉट रेडी अ‍ॅड्रेसेस', तेथे सुरू हवी. नाहीतर मागे असलेल्या रेप्लिकेचा पत्ता नावावरून सापडतच नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'मिन रेडी सेकंद्स' वाढवून, म्हणजे पॉड रेडी झाल्यावर काही मिनिटे थांबायला लावून, हे साधेल असे वाटते. तो अवधी स्टेटफुलसेट स्वतःच्या रोलिंग अपडेटमध्ये पाळतो. पीडीबी मात्र फक्त 'रेडी' ही स्थितीच मोजते, त्यामुळे नोड रिकामा करताना त्याचा उपयोग होत नाही.

बजेट स्वतः तपासताना

रेडिनेस सुधारल्यावर पीडीबीकडे वळावे. तीन पॉडसाठी 'मॅक्स अनअव्हेलेबल' 1 हे मूल्य मला 'मिन अव्हेलेबल' 2 पेक्षा सोयीचे वाटते, कारण उद्या पॉड पाच केले तरी एका वेळी एकच काढला जातो. टक्केवारीत मूल्य देऊ नये. टक्केवारीचे उत्तर पूर्णांकात नसेल तर ते वरच्या दिशेने पूर्ण केले जाते, आणि पाच पॉडवर 'मॅक्स अनअव्हेलेबल' 30 टक्के म्हणजे दीडाचे दोन होतात. शून्य पॉड काढू देणारे बजेटही वाईटच: नोड कधीच रिकामा होत नाही, रात्री दोन वाजता कोणीतरी कंटाळतो आणि पॉड हाताने हटवतो. हाताने हटवलेल्या पॉडला बजेट विचारलेच जात नाही.

'अनहेल्दी पॉड इव्हिक्शन पॉलिसी', म्हणजे रेडी नसलेला पॉड केव्हा बाहेर काढू द्यायचा हे ठरवणारे क्षेत्र, क्युबरनेटीसच्या आवृत्ती 1.31 पासून स्थिर झाले आहे. अडकलेले नोड मोकळे व्हावेत म्हणून अनेक चमू तेथे 'ऑलवेज अलाऊ' लिहितात. सामान्य वेब अनुप्रयोगासाठी हा चांगला सल्ला आहे. आमच्या नव्या व्याख्येत मात्र वॉल लावत असलेली रेप्लिका ही 'अनहेल्दी' ठरते, आणि त्या धोरणाखाली ती कधीही, अगदी शेवटच्या टप्प्यावर असतानाही, बाहेर काढली जाऊ शकते. डेटाबेससाठी मूळचे 'इफ हेल्दी बजेट'च राहू द्यावे.

सिलेक्टर, म्हणजे बजेट कोणत्या पॉडना लागू हे लेबलवरून ठरवणारी अट, एकदा डोळ्यांनी पाहावा. पीडीबीच्या स्थितीत 'एक्स्पेक्टेड पॉड्स' 3 दिसत नसेल, तर लेबल जुळलेले नाही आणि बजेट कोणाचेच रक्षण करत नाही. उलट एकाच पॉडवर दोन पीडीबी लागू होत असतील, तर इव्हिक्शनची विनंतीच चूक म्हणून परत येते. ऑपरेटर, म्हणजे डेटाबेस क्लस्टर आपोआप सांभाळणारे सॉफ्टवेअर, स्वतः एक पीडीबी तयार करतो आणि आपण सावधगिरीने दुसरे लिहितो, तेव्हा नेमके हेच होते.

थांबण्यासाठी पुरेसा वेळ

ग्रेस पिरियड किती असावा याचे उत्तर मोजूनच मिळते: वर्दळीच्या वेळी स्विचओव्हर न करता लीडर थांबवून पाहावा, लागलेल्या वेळाच्या दुपटीहून अधिक अवधी द्यावा. आम्ही 600 सेकंद ठेवले. पॉड लवकर थांबला तर उरलेला अवधी वाया जात नाही, त्यामुळे मोठा आकडा ठेवण्यात नुकसान नाही. मात्र ड्रेनच्या आदेशाला 'ग्रेस पिरियड'चा स्वतंत्र पर्याय देता येतो, आणि तेथे दिलेला आकडा पॉडच्या आकड्याला बाद करतो. प्लॅटफॉर्मच्या स्क्रिप्टमध्ये असा पर्याय पूर्वी कोणी घालून ठेवला आहे का हे विचारून घ्यावे.

प्री-स्टॉप हुकमध्ये, म्हणजे पॉड थांबण्यापूर्वी चालणाऱ्या आदेशात, स्विचओव्हर घालणे उपयुक्त आहे, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. हुकला लागलेला वेळ त्याच ग्रेस पिरियडमधून वजा होतो, आणि हुक अयशस्वी झाला तरी पॉड थांबतोच. पात्र उमेदवार नसेल तर हुक लीडरला वाचवू शकत नाही. ते काम बजेटचे आहे. काही ऑपरेटर हे अधिक चांगल्या रीतीने करतात: क्लाउडनेटिव्हपीजी प्रायमरीसाठी वेगळे बजेट ठेवते, त्यामुळे नोड कॉर्डन (नव्या पॉडसाठी बंद) झाल्यावर ऑपरेटर लीडरपद हलवेपर्यंत ड्रेन अडून राहतो.

मागे राहण्याचे अंतरच कमी करणे

आठवड्यातून एक पूर्ण बॅकअप ही आमची सवय होती. आता रोज डिफरेन्शियल बॅकअप (पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या भागाचा) होतो, त्यामुळे रेप्लिकेला फार तर एका दिवसाचा वॉल लावावा लागतो. डेटाबेस लहान असेल तर थेट लीडरवरून 'पीजी_बेसबॅकअप' घेणे आणखी सोपे, कारण अशी रेप्लिका सुरू होते तेव्हाच जवळपास अद्ययावत असते. मात्र त्या वाचनाचा भार लीडरवर पडतो. रेप्लिकेशन स्लॉट ठेवून वॉल रोखून धरण्याचा मार्गही आहे, पण रेप्लिका बराच काळ परतली नाही तर लीडरची डिस्क भरते. पोस्टग्रेस 13 पासून 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ'ने त्याला मर्यादा घालता येते, ती घातल्याशिवाय हा मार्ग धरू नये. आणि शक्य असेल तेथे डेटाची डिस्क ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कपासून वेगळी ठेवून देखभालीत ती पुसलीच जाणार नाही असे ठरवून घ्यावे. आमच्या बाबतीत हे ठरायला सर्वांत जास्त दिवस लागले आणि सर्वांत जास्त फरकही यानेच पडला.

हेच लक्षण, पण कारण वेगळे

वरील सर्व ठीक असूनही डेटाबेस थांबत असेल, तर पीडीबी विचारात न घेणाऱ्या वाटा शोधाव्यात. 'डिसेबल इव्हिक्शन' पर्यायासह केलेला ड्रेन पॉड थेट हटवतो. ड्रेनशिवाय नोड रीबूट केला तर बजेटचा प्रश्नच येत नाही. व्यवस्थापित सेवांना स्वतःच्या कालमर्यादा असतात: गूगलची जीकेई नोडच्या अपग्रेडमध्ये पीडीबी कमाल 1 तास पाळते व नंतर पॉड काढते, म्हणजे दोन तास वॉल लावणाऱ्या रेप्लिकेला तेथे संरक्षण नाही. अ‍ॅमेझॉनच्या ईकेएसचे व्यवस्थापित नोड गट 15 मिनिटांत पॉड निघाला नाही तर अपग्रेडच अयशस्वी ठरवतात, आणि मग कोणीतरी 'फोर्स' पर्याय निवडून पुन्हा सुरू करतो. देखभालीच्या रात्रीच डेटाबेसच्या स्टेटफुलसेटमध्ये बदल लावला असेल, तर त्याचे रोलिंग अपडेटही पीडीबीला बांधील नसते.

नोडला कोणी हातही लावला नसताना, फक्त कंट्रोल प्लेनच्या (क्युबरनेटीसच्या नियंत्रक भागाच्या) अपग्रेडमध्ये अनेक डेटाबेस एकदम रीड-ओन्ली होत असतील, तर पॅट्रोनी लीडरपदाचे कुलूप क्युबरनेटीसच्या एपीआयमध्येच ठेवत आहे का ते पाहावे. एपीआय सर्व्हर काही काळ उत्तर देत नसेल तर लीडरला कुलुपाचे नूतनीकरण करता येत नाही, आणि दोन लीडर होण्याचा धोका टाळण्यासाठी तो पायउतार होतो. मूळ मांडणीत कुलुपाची मुदत 30 सेकंद असते. पॅट्रोनी 3.0 पासून यावर 'फेलसेफ मोड' आहे: इतर सर्व सदस्यांशी थेट संपर्क होत असेल तर लीडर लीडरच राहतो. तो मुळात बंद असतो, सुरू करावा लागतो.

बहुमतावर चालणाऱ्या क्लस्टरांनाही हाच नियम, फक्त शब्द वेगळे. एटसीडी या की-व्हॅल्यू साठ्याच्या तीन सदस्यांपैकी दोन आणि पाचांपैकी तीन जिवंत लागतात. गॅलेरा या मायएसक्यूएल/मारियाडीबीच्या क्लस्टर पद्धतीत रेडिनेसने 'डब्ल्यूएसआरईपी लोकल स्टेट' 4, म्हणजे 'सिंक्ड', आहे का हे विचारावे, केवळ पोर्ट उघडे आहे का हे नव्हे. तेथे जीकॅशचे (अलीकडचे बदल साठवणाऱ्या जागेचे) मूळ आकारमान 128 एमबी असते, आणि नोड बाहेर असताना त्याहून अधिक लेखन झाले की परतणाऱ्या सदस्याला फरकाऐवजी पूर्ण प्रत घ्यावी लागते. देखभालीच्या कालावधीत किती लेखन होते ते मोजून ते वाढवावे.

बदलानंतरची पहिली देखभाल

ती मुद्दाम शुक्रवारी ठेवली. पहिला नोड परतल्यावर पॉड सुरू झाला, पण 'रेडी'च्या रकान्यात 1 पैकी 0 दिसत राहिले. स्वयंचलनाने दुसरा नोड घेण्याचा प्रयत्न केला आणि बजेटचे उल्लंघन होईल, 5 सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो, ही ओळ पडद्यावर सरकू लागली. अर्ध्या तासाने प्लॅटफॉर्म चमूकडून विचारणा आली की ड्रेन अडकला आहे, सक्तीने पुढे न्यायचा का. त्यांना लीडरवरची 'पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन' दाखवली: एकच ओळ होती. आणखी चाळीस मिनिटांनी दुसरी ओळ आली, काही क्षणांत पॉड रेडी झाला आणि ड्रेन कोणी न सांगता पुढे सरकला. त्यांच्या स्क्रिप्टमधील ड्रेनची कालमर्यादा एक तासाची होती व ती त्या रात्री एकदा ओलांडली गेली, म्हणून डेटाबेसच्या नोडांपुरती ती आता चार तास केली आहे, आणि देखभालीच्या सूचनापत्रात 'येथे थांबणे अपेक्षित आहे' अशी ओळ त्या तीन नोडांसमोर लिहिलेली असते.